'पूर्ण मजकूर उपलब्ध नाही' म्हणून थांबू नका : ग्रंथालय समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य, विद्यापीठ ग्रंथालय समिती
मा. ग्रंथपाल

विषय : जर्नल्सची वर्णानुक्रमे यादी काढण्याचा आणि बाहेरून लेख मागवून देण्याची सेवा थांबवण्याचा निर्णय

स. न. वि. वि.

आपल्या ताज्या परिपत्रकानुसार नव्या सत्रापासून ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जर्नल्सची वर्णानुक्रमे यादी दिसणार नाही. सगळा शोध एकाच चौकटीतून होईल. त्याच परिपत्रकाच्या शेवटच्या ओळीत, दुसऱ्या ग्रंथालयांकडून लेख मागवून देण्याची सेवा 'अल्प वापरामुळे' बंद होत असल्याचेही म्हटले आहे. पहिला निर्णय सोयीचा म्हणून मांडला आहे, दुसरा काटकसरीचा म्हणून. मला दोन्ही मिळून एकच निर्णय दिसतो : आपल्या वर्गणीत जे बसत नाही, ते वाचकाने मागू नये.

मी संशोधनपद्धती शिकवते आणि काही संशोधक विद्यार्थ्यांची मार्गदर्शक आहे. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकरण हाती आले की त्यातला कोणता लेख विद्यार्थ्याने खरोखर वाचला आहे आणि कोणत्याचा नुसता सारांश पाहून संदर्भ दिला आहे, हे चार ओळींत कळते. सारांशावरून दिलेला संदर्भ निष्कर्ष तेवढा सांगतो. नमुना किती होता, मोजमाप कसे केले, लेखकाने स्वतःच कुठे सावध शब्द वापरले, यातले काही त्यात येत नाही. याला आळशीपणा म्हणून मोकळे होता येत नाही. बहुतेक वेळा लेख समोर आलेलाच नसतो. हे पत्र मी खुले लिहिते आहे, कारण ज्यांचे नुकसान होणार आहे त्यांना या परिपत्रकाचा अर्थ लागलेला नाही, आणि तो लागावा अशी त्याची भाषाही नाही.

पहिली तक्रार त्या प्रसिद्ध वाक्याबद्दल. 'पूर्ण मजकूर उपलब्ध नाही' हे एकच वाक्य आपली शोधप्रणाली इतक्या निरनिराळ्या परिस्थितींत दाखवते की त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. त्या परिस्थिती इथे सविस्तर लिहिते, कारण माझा सगळा मुद्दा त्यांतच आहे.

कधी जर्नलची वर्गणी भरलेली असते, पण हवे असलेले वर्ष तिच्यात नसते. अनेक प्रकाशकांची जर्नल्स एकत्र देणाऱ्या डेटाबेसमध्ये ताजे अंक काही महिने, कधी वर्षभर किंवा अधिक काळ रोखून ठेवलेले असतात. जेस्टोर या जर्नल्सच्या जुन्या अंकांच्या ऑनलाइन संग्रहात बऱ्याच जर्नल्सचे शेवटचे तीन ते पाच वर्षांचे अंक नसतात आणि ही सीमा दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकते. प्रकाशकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बहुधा उलट असते : नवे उघडते, जुने बंद, कारण जुन्या अंकांचा संच वेगळा विकत घ्यावा लागतो. म्हणजे एकाच जर्नलचा १९८५ चा लेख एका दारातून मिळतो आणि मागच्या महिन्याचा दुसऱ्या. हे वाचकाला एका नजरेत दिसेल अशी जागा एकच होती, ती म्हणजे जर्नल्सची यादी. तिच्यात नावापुढे वर्षे असायची : अमुक डेटाबेसमध्ये या सालापासून या सालापर्यंत, अलीकडचे बारा महिने वगळून. आपण नेमकी तीच काढता आहात.

कधी जर्नलचे नाव बदललेले असते. उदाहरण ग्रंथालयशास्त्राच्या घरचेच घ्या. 'अमेरिकन डॉक्युमेंटेशन' हे जर्नल १९५० मध्ये सुरू झाले. १९७० पासून ते 'जर्नल ऑफ द अमेरिकन सोसायटी फॉर इन्फर्मेशन सायन्स' झाले, २००१ मध्ये त्या नावाच्या शेवटी 'अँड टेक्नॉलॉजी' लागले आणि २०१४ मध्ये 'अमेरिकन सोसायटी'च्या जागी 'असोसिएशन' आले. १९६० च्या दशकातल्या लेखाचा संदर्भ घेऊन आजच्या नावाखाली शोधणाऱ्याला ते जर्नल सापडेल, पण तो खंड सापडेलच असे नाही. माहितीशास्त्राच्या जर्नलची ही गत, तर बाकीच्यांचे काय सांगावे!

कधी लेख जर्नलच्या पुरवणी अंकात असतो, किंवा अजून खंड-अंक न मिळता फक्त ऑनलाइन आलेला असतो. संदर्भावरून लिंक जोडणारी यंत्रणा बऱ्याचदा जर्नलचा आयएसएसएन (प्रत्येक नियतकालिकाला मिळणारा ओळखक्रमांक), खंड, अंक आणि पहिले पान यांवर चालते. यातला एक आकडा चुकला किंवा मुळात नसलाच, की लिंक जर्नलच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडते, नाहीतर 'नाही' म्हणते.

कधी लेख आपल्याच ग्रंथालयात, बांधीव खंडात, कपाटात उभा असतो. नवी चौकट डिजिटल प्रतच शोधते आणि छापील संग्रह आहे हे सांगत नाही. कॅटलॉग जर्नलचे नाव ओळखतो, पण लेखाचे शीर्षक टाकले तर हात हलवतो. विद्यार्थी दोन्हीकडे लेखाचेच शीर्षक टाकतात, कारण त्यांना वेगळे कुणी सांगितलेले नाही.

कधी लेख वर्गणीच्या बाहेर असतो, पण लेखकाने आपली स्वीकृत प्रत (जर्नलने स्वीकारलेला, पण छपाईसाठी मांडणी न झालेला मजकूर) स्वतःच्या विद्यापीठाच्या संग्रहात, किंवा अर्काइव्ह (arXiv) अथवा वैद्यकीय लेखांच्या पबमेड सेंट्रलसारख्या मुक्त ऑनलाइन संग्रहात, कायदेशीरपणे ठेवलेली असते. अर्काइव्ह १९९१ पासून आहे, पबमेड सेंट्रल २००० पासून. संशोधन सर्वांना फुकट वाचता यावे, हे बुडापेस्टचे मुक्त प्रवेशाचे आवाहन २००२ चे. यातले काही नवे नाही. तरी आपल्या पडद्यावर त्याचा पत्ता नसतो.

आणि कधी पूर्ण मजकूर अस्तित्वातच नसतो! परिषदेत वाचलेल्या निबंधांचे सारांश जर्नलच्या पुरवणीत छापले जातात. डेटाबेसमध्ये त्यांची नोंद लेखासारखीच दिसते, आणि विद्यार्थी त्या एका परिच्छेदामागचा लेख शोधण्यात दिवस घालवतो. 'हा फक्त सारांश आहे, याला पुढे काही नाही' एवढे सांगणारा माणूस त्याचा आठवडा वाचवतो.

या प्रत्येक 'नाही'नंतर करायची गोष्ट वेगळी आहे. एकदा दुसऱ्या डेटाबेसकडे जायचे, एकदा जुन्या नावाने शोधायचे, एकदा कपाटाकडे चालत जायचे, एकदा लेखकाची प्रत पाहायची, एकदा बाहेरून मागवायचे, आणि एकदा शोध सोडून द्यायचा. पडद्यावर मात्र वाक्य एकच. मग विद्यार्थी सगळ्यांत सोपे ते करतो. टॅब बंद करतो.

इथे थोडा इतिहास आठवून देते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयात हर्बर्ट व्हॅन द सोम्पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संदर्भापासून लेखापर्यंत नेणारी लिंक वेगळ्या पद्धतीने बांधली. तिचे पुढे ओपनयूआरएल हे मानक झाले. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता : एकाच लेखाच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी असतात, तर आपल्या वाचकाला वाचायचा हक्क असलेली प्रत कोणती? उत्तर असे की ते विक्रेत्याने नव्हे, वाचकाच्या ग्रंथालयाने ठरवावे. प्रकाशकांनी २००० मध्ये लेखांचे संदर्भ एकमेकांना जोडणारी क्रॉसरेफ ही संस्था सुरू केली आणि डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, घरोघरी पोचला. तो फार उपयोगी आहे, पण तो बहुतेक वेळा प्रकाशकाच्या दाराशी नेतो. दार आपल्यासाठी उघडे आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असणे हे आपले काम आहे, मा. ग्रंथपाल. ज्या याद्यांवर ही सगळी यंत्रणा चालते, त्या प्रकाशकाकडून जशा येतात तशा चढवून त्यांच्याकडे पुन्हा न बघणे म्हणजे ते काम विक्रेत्याला परत देऊन टाकणे आहे.

दुसरी तक्रार यापेक्षा गंभीर आहे, जरी ती एका छोट्या चौकोनाबद्दल आहे. नव्या शोधचौकटीत 'फक्त पूर्ण मजकूर असलेले निकाल' ही खूण आधीपासून केलेली येते. ती काढता येते, पण ती आहे हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिचा परिणाम असा की आपल्या वर्गणीबाहेरचे लेख 'नाही' असेसुद्धा दाखवले जात नाहीत. ते निकालांत उगवतच नाहीत. विद्यार्थ्याला वाटते, या विषयावर एवढेच काम झाले आहे. तो प्रबंधात तसे लिहितोही : 'या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही.' संशोधन झालेले असते. आपण त्याची वर्गणी भरलेली नसते.

या दोषाला अभ्यासकांनी नावही दिले आहे. २००२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये रेइनहार्ड वेन्ट्झ यांनी एका पत्रात तो 'फ्यूटॉन बायस' म्हणून मांडला : इंटरनेटवर पूर्ण मजकूर मिळतो तेच वाचायचे, तेच उद्धृत करायचे, आणि बाकीचे नसल्यासारखे धरायचे. तेव्हा ही वाचकाची सवय होती. आपण ती प्रणालीची मूळ मांडणी करून ठेवली आहे. पद्धतशीर आढावा घेणाऱ्या विद्यार्थ्याने आधी सगळे संदर्भ गोळा करायचे, मग निकष लावायचे आणि त्यानंतर लेख मिळवायचे, हा क्रम मी वर्गात शिकवते. आपली चौकट शेवटची पायरी पहिल्या पायरीआधी उरकून टाकते.

'अल्प वापर' या कारणाबद्दल. बाहेरून लेख मागवायचा अर्ज संकेतस्थळावर 'सेवा', मग 'इतर', मग 'अर्ज' असा खाली पुरलेला आहे. लेख मिळाला नाही त्या पानावर त्याचा उल्लेख नाही. अर्ज उघडलाच, तर लेखक, शीर्षक, खंड, पाने हे सगळे हाताने भरावे लागते, जरी ते सगळे एक क्षणापूर्वी प्रणालीला माहीत होते. अशा सेवेचा वापर कमी भरला यात नवल नाही. नवल आहे ते कुणी वापरली याचे. आपण जे मोजले ते गरजेचे माप नाही, चिकाटीचे आहे.

गरज मोजायची साधने आपल्याकडे आहेत. काउंटर या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रकाशक ग्रंथालयांना वापराचे अहवाल देतात, आणि त्यांत नाकारलेल्या प्रवेशांचाही अहवाल असतो : परवाना नसल्यामुळे कोणत्या जर्नलच्या दारातून आपला वाचक किती वेळा परत गेला. सेवा बंद करण्यापूर्वी समितीने हे आकडे पाहिले का? पाहिले असतील तर परिपत्रकात का नाहीत? आणि तेही कमीच भरतील, कारण 'फक्त पूर्ण मजकूर'च्या खुणेमुळे जो त्या दारापर्यंत गेलाच नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही.

विद्यापीठाबाहेरून वाचणाऱ्यांबद्दल थोडक्यात. प्रकाशक आपल्याला बहुतांशी आयपी पत्त्यावरून, म्हणजे विद्यापीठाच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखतात. घरून वाचायचे तर ग्रंथालयाच्या प्रॉक्सीतून (वाचकाला विद्यापीठाच्या पत्त्यावरून पुढे नेणाऱ्या मधल्या सर्व्हरमधून) किंवा संस्थेच्या लॉगिनमधून जावे लागते. सर्च इंजिनमधून थेट प्रकाशकाच्या पानावर गेलेला विद्यार्थी तिथे परका असतो, आणि ज्या लेखाची वर्गणी आपण भरलेली आहे त्याचीच किंमत त्याला दाखवली जाते. त्या पानावर पैसे भरलेले विद्यार्थी मला माहीत आहेत. काही जण चोरवाटांनी डाउनलोड करतात. मी त्याचे समर्थन करत नाही, पण सायबर सुरक्षेची ताकीद देणारी सूचना जेवढ्या ठळकपणे मुखपृष्ठावर लावली आहे, तेवढ्याच ठळकपणे 'बाहेरून वाचताना इथून आत या' ही ओळ लावली असती तर ताकीद द्यायची वेळ कमी आली असती.

आणखी एक. वर्गणी बंद केलेल्या जर्नल्सची नावे आम्हाला लिंक तुटल्यावर कळतात. पैसे अपुरे आहेत, किमती वाढतात, हे मला समजते, आणि त्यासाठी मी समितीला दोष देत नाही. मोठमोठ्या विद्यापीठांनाही हे चुकलेले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हियर या बड्या जर्नल-प्रकाशकाबरोबरची बोलणी थांबवली आणि नवा करार व्हायला २०२१ उजाडले. मधल्या काळात नव्या लेखांचा थेट प्रवेश गेला. पण तिथल्या ग्रंथालयांनी वाचकांना काय बंद होणार, आधीच्या हक्कांमुळे कोणते जुने अंक चालू राहणार आणि लेख मिळवण्याचे दुसरे मार्ग कोणते, हे लिहून दिले. त्या मार्गांत दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवणे हा एक प्रमुख मार्ग होता. वर्गण्या कमी होतात तेव्हा ही सेवा वाढवायची असते. आपण दोन्ही एकदम कमी करतो आहोत.

आता मागण्या.

'फक्त पूर्ण मजकूर' ही खूण मूळ मांडणीतून आजच काढावी. याला निधी लागत नाही, बैठकही लागू नये.

जर्नल्सची यादी वर्षांसह, डेटाबेसच्या नावांसह, आणि छापील खंड असतील तर त्यांच्या उल्लेखासह परत आणावी. जुनी नावे नव्या नावांना जोडावीत.

लेख मागवण्याची सेवा चालू ठेवावी, आणि तिचे बटण जिथे लेख मिळत नाही त्याच पानावर, संदर्भाचा तपशील आधीच भरलेल्या अर्जासह द्यावे. एक वर्ष असे चालवून मग वापराचे आकडे पाहावेत. तेव्हाही ते अल्प असतील, तर मी स्वतः ही मागणी मागे घेईन.

'उपलब्ध नाही' या वाक्याच्या जागी कारण लिहावे. प्रणालीला प्रत्येक कारण ओळखता येणार नाही हे मान्य, पण वर्षाची मर्यादा, छापील प्रत आणि लेखकाने ठेवलेली मुक्त प्रत या तीन गोष्टी ओळखता येतात. २०१७ पासून लेखांच्या कायदेशीर मुक्त प्रती शोधणाऱ्या अनपेवॉलचे ब्राउझर एक्स्टेंशन यातली तिसरी गोष्ट कोणत्याही वाचकाला फुकट करून देते. ते काम ग्रंथालयाच्या पानाला का जमू नये?

तुटलेली लिंक कळवायला एक जबाबदार टेबल असावे आणि तिथून उत्तर यावे. सध्याचा 'अभिप्राय' अर्ज कुठे जातो, हे ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांनाही सांगता आले नाही. ते स्वतः मदत करायला तयार असतात, हे आवर्जून नोंदवते. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

वर्गणी बंद करण्याआधी यादी विभागांना कळवावी, आणि जुन्या अंकांवर आपला कायमचा हक्क राहतो की नाही हे तिच्यात लिहावे. नाकारलेल्या प्रवेशांचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत.

हे होईपर्यंत मी विद्यार्थ्यांना जे सांगते ते इथेच लिहिते, म्हणजे आपल्या मदतपानावर काय असायला हवे होते तेही दिसेल. संदर्भ हाती आला की आधी डीओआय शोधा. तो नसेल तर शीर्षक अवतरणचिन्हांत टाका. लेखाऐवजी जर्नल शोधायला शिका, आणि मग वर्ष पाहा. गूगल स्कॉलरच्या सेटिंग्जमध्ये 'लायब्ररी लिंक्स'खाली आपले ग्रंथालय निवडा, म्हणजे वर्गणीतला लेख असेल तर निकालाशेजारीच वाट दिसेल. तिथेच 'ऑल व्हर्जन्स' उघडा, कारण लेखकाची प्रत बहुधा त्यात सापडते. ती स्वीकृत प्रत असेल तर उद्धृत करताना पृष्ठक्रमांक छापील लेखाशी ताडून घ्या. काहीच न मिळाल्यास लेखकाला दोन ओळींचे सभ्य पत्र लिहा. बरेच जण लेख आनंदाने पाठवतात. आणि शेवटी ग्रंथपालांकडे जा. हे शेवटचे वाक्य मला पुढच्या सत्रातही सांगता यायला हवे.

समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि तोपर्यंत परिपत्रकाची अंमलबजावणी थांबवावी, ही विनंती. बैठकीला निरनिराळ्या विद्याशाखांचे दोन-तीन संशोधक विद्यार्थी बोलवा, एक संगणक लावून ठेवा आणि त्यांच्या संदर्भयादीतले लेख त्यांना सदस्यांसमोर शोधू द्या. विद्यार्थी आणण्याची जबाबदारी मी घेते. उत्तर लेखी आणि जाहीर द्यावे.

आपली,
संशोधन मार्गदर्शक आणि ग्रंथालयाची नियमित वाचक

प्रत माहितीसाठी : सर्व विभागप्रमुख, संशोधक विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी